किरकोळ चोरीत पहिल्यांदाच सापडलेल्या बाईचं पुढे काय होतं? बुलढाण्यातून समजून घ्या

गुरुवार. शेगावात गजानन महाराजांच्या दर्शनाची गर्दी. एसटी लागली की दाराशी रेटारेटी सुरू होते. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात पिशवी. समजा, अशा वेळी एका बाईची छोटी पर्स गेली. आत दोन हजार रुपये. आरडाओरड झाली, लोकांनी चार पावलांवर दुसऱ्या एका बाईला धरलं आणि तिच्या पिशवीत ती पर्स सापडली.

पुढची दोन मिनिटं कशी जातात हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी हात उगारतं, कुणी मोबाइल काढतं. संध्याकाळपर्यंत 'या बाईपासून सावध राहा' अशा ओळीखाली तिचा चेहरा गावोगावच्या ग्रुपवर पोहोचतो.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र कुणी बघत नाही. कोणतं कलम लागलं, कोर्टात तिने काय म्हटलं, तिच्या बाजूने कुणी बोललं का, पुढे तिला काम मिळालं का, ती पुन्हा त्याच गर्दीत दिसली का? ती बाई सुधारणार की सराईत होणार, हे बरंचसं याच काळात ठरतं. आणि यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कायद्याने फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत.

एकच पर्स, पण जागेवरून कलम बदलतं

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३(२) मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच कलमात एक नवी सवलतही आली. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा तुरुंगाची नाही, 'समाजसेवेची'. म्हणजे समाजाच्या उपयोगाचं काम करायचं, मोबदला न घेता. अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे.

ऐकायला सोपं वाटतं. अडचण कलमांच्या रचनेत आहे.

वरची पर्स बसस्थानकाच्या आवारात गेली, तर ही साधी चोरी, कलम ३०३. तीच पर्स एसटीच्या आत गेली, तर प्रवासी वाहनातून केलेली चोरी म्हणून कलम ३०५ लागू शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. खामगावच्या एखाद्या कापड दुकानातून दोन हजारांची साडी उचलली, तरी दुकान ही माल ठेवण्याची इमारत, म्हणून पुन्हा कलम ३०५. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईने मालकिणीच्या घरातून पैसे घेतले, तर नोकराने केलेली चोरी म्हणून कलम ३०६, तिथेही सात वर्षांपर्यंत.

समाजसेवेची सवलत लिहिलेली आहे ती फक्त कलम ३०३(२) मध्ये. म्हणजे ज्याला आपण 'दुकानातली उचलेगिरी' म्हणतो, नेमकी तीच या नव्या सवलतीच्या बाहेर पडू शकते. रक्कम तीच, बाई तीच, फक्त जागा बदलली.

पाच हजारांच्या मर्यादेचंही तसंच. २०२५ मध्ये सोन्याचा भाव तोळ्याला एक लाखाच्या पुढे गेला. त्या भावाने पाच हजारांत अर्धा ग्रॅम सोनंही बसत नाही. गळ्यातली पोत किंवा कानातला एक डूल गेला, की मर्यादा ओलांडलीच.

किरकोळ फसवणुकीला तर अशी सवलतच नाही. बचत गटाचे हप्ते गोळा करून भरलेच नाहीत, योजनेत नाव घालून देते म्हणून पाचशे-पाचशे रुपये घेतले, खोटे दागिने गहाण ठेवले, अशा प्रकरणांत तपशिलाप्रमाणे फसवणुकीचं किंवा विश्वासघाताचं कलम लागतं. फसवून पैसे किंवा वस्तू काढून घेतल्यास कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत कैद. रक्कम किती लहान, याचा त्या कलमात विचार नाही.

साठ वर्षांहून जुना कायदा जास्त मोकळा

मग दुकानातल्या चोरीत किंवा फसवणुकीत पहिल्यांदा सापडलेल्या बाईला तुरुंगाशिवाय वाटच नाही का? आहे. ती वाट नव्या कायद्यात नाही, १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमात आहे.

या कायद्याच्या कलम ३ मध्ये जुन्या दंड संहितेची कलमं आकड्यांनिशी लिहिली आहेत: ३७९ म्हणजे साधी चोरी, ३८० म्हणजे इमारतीतली चोरी, ३८१ म्हणजे नोकराने केलेली चोरी, ४०४ म्हणजे मृताच्या मालमत्तेचा अपहार आणि ४२० म्हणजे फसवणूक. या गुन्ह्यांत पूर्वी दोषी न ठरलेल्या माणसाला कोर्ट समज देऊन सोडू शकतं. जुनी कलमं रद्द झाली तरी त्यांचा उल्लेख आता नव्या संहितेतल्या त्याच गुन्ह्यांना लागू धरायचा, असा कायद्याचा नियम आहे. म्हणजे साडी उचलणारी, मालकिणीचे पैसे घेणारी आणि हप्त्यांत फसवणारी, तिघींचाही विचार या कायद्याने आधीच केलेला आहे.

कलम ४ आणखी पुढे जातं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. त्या काळात कमीत कमी एक वर्ष परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहण्याचा हुकूमही कोर्ट देऊ शकतं. कलम ५ प्रमाणे नुकसानभरपाई द्यायला लावता येते. कलम १२ प्रमाणे अशा प्रकारे सुटलेल्या व्यक्तीला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही.

आरोपीचं वय २१ च्या आत असेल, तर अशा गुन्ह्यांत तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगच का, याची कारणं लिहावी लागतात. आणि वय काहीही असलं, तरी परिविक्षा देता येत असताना ती दिली नाही, तर त्याची विशेष कारणं निकालात नोंदवायला हवीत, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०२ सांगतं.

थोडक्यात, कायद्याचा कल स्पष्ट आहे. पहिली चूक, छोटी रक्कम, तर आधी सुधारण्याची संधी.

मग गाडी अडते कुठे?

पहिला अडथळा म्हणजे कबुलीची घाई. वीस हजार रुपयांपर्यंतच्या चोरीचे खटले संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे झटपट चालवायची तरतूद आहे. घरी लहान मूल, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. कुणीतरी कानात सांगतं, 'कबूल करून टाक, दंड भर, घरी जा.' बाई 'गुन्हा कबूल आहे साहेब' म्हणते आणि सुटते. पण तिच्या नावावर दोषसिद्धी लागली. साध्या चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरलं, तर कलम ३०३ प्रमाणे कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. समाजसेवेची सवलत गेली, समज देऊन सुटण्याची वाटही बंद झाली. त्या दिवशी घरी पोहोचवणारी कबुली दुसऱ्या वेळी वर्षभर घराबाहेर ठेवते.

दुसरा अडथळा अहवालाचा. बाईचं घर, कर्ज, आजारपण, तिच्यावरचा दबाव हे सगळं कोर्टासमोर मांडायचं काम परिविक्षा अधिकाऱ्याचं. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्याने चौकशी करायची, देखरेख ठेवायची आणि गरज असेल तिथे काम मिळवून द्यायचाही प्रयत्न करायचा. महाराष्ट्रात हे काम महिला व बालविकास विभागाकडे येतं आणि त्याच यंत्रणेवर बालन्याय कायद्याखालच्या मुलांच्या प्रकरणांचा भार आहे. मोठ्या माणसांचे अहवाल कुणी मागितले तरच होतात. मागायचे कुणी? आरोपीच्या वकिलाने, किंवा कोर्टाने स्वतःहून.

तिसरा अडथळा पत्त्याचा. कलम ४ खाली सुटायचं, तर आरोपीचा किंवा जामीनदाराचा कायमचा पत्ता किंवा नियमित कामधंदा त्या भागात असावा लागतो. पालात राहणाऱ्या, कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातली बाई इथेच बाहेर पडते.

या अडथळ्याला इतिहासही आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. कायदा गेला, संशय उरला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातीवर आधारलेला भेद घटनाबाह्य ठरवला आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. 'सराईत' हा शब्द कुणाला लावायचा, याचीही चर्चा त्या निकालात आहे. गर्दीत चोरी झाली की आधी कुणाकडे बघितलं जातं, हे मात्र कोणत्याही निकालाने एका दिवसात बदलत नाही.

चोरी एकच, कारणं वेगळी

'बायका चोरी का करतात' या प्रश्नाला एक उत्तर नाही. साधारण चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकीला वेगळा उपाय लागतो.

पहिली, अडचणीतली. बुलढाणा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. कापूस आणि सोयाबीनवर घर चालतं, भाव पडला की हप्ता चुकतो. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता बहुधा बाईच्याच नावावर असतो आणि वसुलीवाला दारात येतो तेव्हा उत्तर तिलाच द्यावं लागतं. गटाचे पैसे 'पुढच्या आठवड्यात भरते' म्हणून दवाखान्यात गेले, तर तिच्या लेखी ती उसनवारी असते आणि कायद्याच्या लेखी गुन्हा. हिला आधी कर्जाचा हिशेब मांडून देणारं माणूस हवं.

दुसरी, पाठवलेली. नवरा, सासरचे किंवा टोळीतलं कुणी तिला गर्दीत पाठवतं, माल वेगळा माणूस घेऊन जातो, पकडली जाते ती. हिला उपदेश करून काही होत नाही, कारण निर्णय तिचा नव्हताच. हिला घरापासून सुरक्षित निवारा आणि स्वतःच्या नावाची कमाई हवी.

तिसरी, जिचा हा उद्योगच झाला आहे. हिला शिक्षेची भीती माहीत असते. पण पर्यायी कमाई आणि सातत्याची देखरेख एकत्र मिळाली नाही, तर तुरुंग हा तिच्यासाठी धंद्यातला एक खर्च ठरतो.

चौथी, जिला त्या वस्तूची गरजच नव्हती. खिशात पैसे असून लिपस्टिक उचलणारी, घरी नेऊन ती न वापरणारी. इथे आजाराचा विचार करावा लागतो.

क्लेप्टोमेनिया: खरा आजार, पण सगळ्यांचा नाही

क्लेप्टोमेनिया हा आवेगावर ताबा न राहण्याचा विकार आहे. चोरीच्या आधी ताण वाढत जातो, उचलताना सुटल्यासारखं वाटतं, नंतर अपराधी वाटतं. वस्तू गरजेची नसते, किमतीसाठी घेतलेली नसते, रागाने किंवा सूड म्हणूनही नसते. अमेरिकन मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार दुकानातल्या चोरीत पकडलेल्यांपैकी ४ ते २४ टक्क्यांमध्ये हा विकार आढळतो. एकूण लोकसंख्येत त्याचं प्रमाण ०.३ ते ०.६ टक्के. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो सुमारे तिप्पट.

म्हणजे पकडलेल्या बहुतेकींना हा आजार नसतो. पण ज्यांना असतो, त्यांच्यासाठी दंड आणि मार हा उपचार नाही. विचार-वर्तन उपचार पद्धतीचा त्यांना उपयोग होतो, काही रुग्णांना औषधंही दिली जातात. नैराश्यातही अशी वागणूक दिसू शकते, म्हणून तपासणी डॉक्टरांनीच करायला हवी.

या आजाराच्या नावावर खटल्यातून सहसा सुटता येत नाही. मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच कळत नसेल, तर कायदा गुन्हा धरत नाही. क्लेप्टोमेनियात ते कळत असतं, थांबता येत नाही. त्यामुळे हे निदान शिक्षेचा प्रकार ठरवताना आणि परिविक्षा मागताना जास्त कामी येतं.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

'समुपदेशन' म्हटलं की समोर बसवून चार गोष्टी सुनावणं, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते बरंच कोरडं आणि व्यवहाराचं काम आहे.

आधी त्या दिवसाची उजळणी होते. सकाळी काय झालं, घरातून निघताना मनात काय होतं, दुकानात नेमकं कोणत्या क्षणी हात गेला? त्यातून धोक्याच्या वेळा सापडतात: हप्त्याच्या आदला दिवस, भांडणानंतरची दुपार, एकटीने केलेला बाजार. मग त्या वेळांसाठी साधे नियम ठरतात. बाजारात एकटीने जायचं नाही, यादी आणि मोजके पैसे घेऊन जायचं, मोठी पिशवी न्यायची नाही, मन ओढलं तर दुकानाबाहेर पडून ठरलेल्या माणसाला फोन करायचा.

त्याच्या जोडीने जिचं नुकसान झालं तिला पैसे परत कसे करायचे, सावकाराचं किंवा कंपनीचं देणं कसं फेडायचं, घरच्यांना काय सांगायचं, यावर काम होतं. नवऱ्याला किंवा सासूला एकदा तरी बोलावलं जातं. कारण परत आलेल्या बाईला घरात उठता-बसता 'चोरटी' ऐकावं लागलं, तर बाकीची मेहनत पाण्यात जाते.

बुलढाण्यात काय आहे?

तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात वेगवेगळ्या खिडक्या आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, ती आरोपी असली तरी. सरकारी रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. शेतकरी कुटुंबांसाठी 'प्रेरणा प्रकल्पा'तून समुपदेशन सुरू झालं, त्यात बुलढाणाही आहे. बचत गटांचं जाळं 'उमेद' आणि 'माविम'मुळे गावागावात आहे. छळ सोसणाऱ्या बाईसाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे.

यातली एकही खिडकी 'चोरीत सापडलेल्या बाईसाठी' अशी उघडलेली नाही. वकील कोर्टापुरता, डॉक्टर आजारापुरता, गट कर्जापुरता. आणि ज्या गटाचे पैसे तिने बुडवले, तो गट तिला दारातही उभं करणार नाही.

अंतराचाही प्रश्न आहे. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या खेड्यातून बुलढाण्याला एका भेटीसाठी जायचं, तर दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. मानसिक त्रासासाठी डॉक्टरांच्या आधी सैलानीच्या दर्ग्याची वाट धरणारी कुटुंबं या भागात आजही आहेत. तिथे मनाला धीर मिळत असेल, पण निदान होत नाही आणि कोर्टाला लागणारा अहवालही मिळत नाही.

जमतं का? मुंबईचा आणि बाहेरचा अनुभव

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९८४ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसू लागली. पुढे सरकारने ही पद्धत राज्यभर नेली. ती हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी होती.

आरोपी स्त्रियांसाठी तसंच काम त्याच संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाने १९९० मध्ये मुंबईच्या तुरुंगातून सुरू केलं. सामाजिक कार्यकर्ता कैद्याला भेटतो, घरी निरोप पोहोचवतो, मोफत वकिलाशी गाठ घालून देतो, मुलांची सोय बघतो आणि सुटल्यावर काम शिकण्यासाठी एखाद्या संस्थेत जागा मिळवून देतो. थोडक्यात, वेगवेगळ्या खिडक्यांवर एकच माणूस बाईसोबत जातो.

बाहेर बघायचं, तर कॅनडात एलिझाबेथ फ्राय यांच्या नावाने स्त्री-आरोपींसाठी संस्था चालतात, पहिली १९३९ मध्ये व्हँकुव्हरला निघाली. फ्राय या एकोणिसाव्या शतकात लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या. ब्रिटनमध्ये स्टायल तुरुंगात वर्षभरात सहा स्त्रियांचे मृत्यू झाल्यानंतर सरकारने जीन कॉर्स्टन यांच्याकडून अहवाल मागवला. २००७ च्या त्या अहवालाने किरकोळ गुन्ह्यांतल्या स्त्रियांसाठी तुरुंगाऐवजी वस्तीजवळची महिला केंद्रं सुचवली. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये मंजूर केलेले 'बँकॉक नियम' हेच सांगतात: स्त्रीच्या गुन्ह्यामागचं घर, हिंसा आणि मुलांची जबाबदारी बघा, आणि तुरुंगाबाहेरचे पर्याय आधी वापरा.

कारण तुरुंगाची किंमत बाई एकटी भरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी स्त्रिया सुमारे २४ हजार, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. त्यातल्या दीड हजाराहून जास्त जणींसोबत त्यांची मुलंही आत होती.

'मग जिची पर्स गेली, तिचं काय?'

हा प्रश्न रास्त आहे. शेगावच्या गर्दीत पर्स जाते ती बहुतेक वेळा श्रीमंताची नसते. ते दोन हजार एखादीच्या महिन्याच्या औषधाचे असू शकतात.

पण तुरुंगाने ते दोन हजार परत येत नाहीत. समाजसेवेच्या तरतुदीत वस्तू किंवा किंमत परत करणं ही अटच आहे आणि परिविक्षेत कोर्ट भरपाई द्यायला लावू शकतं. म्हणजे जिचं नुकसान झालं, तिच्या हातात काही पडण्याची शक्यता याच वाटेवर जास्त आहे. शिवाय परिविक्षा म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. बंधपत्राच्या अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा कोर्ट सुनावू शकतं. जी बाई तिसऱ्या-चौथ्यांदा टोळीसोबत सापडते, तिच्याबाबत कोर्ट वेगळा विचार करतंच. प्रश्न पहिल्या वेळेचा आहे, कारण दुसरी वेळ येऊ न देणं तेव्हाच सगळ्यात स्वस्त असतं.

फुटेज पुढे पाठवण्याआधी

दुकानाच्या कॅमेऱ्यातली क्लिप पोलिसांसाठी पुरावा आहे. ग्रुपवर गेली की ती शिक्षा होते, खटल्याआधीची आणि मुदत नसलेली. कोर्टाने समज देऊन सोडलं, अपात्रता पुसली, तरी क्लिप फिरतच राहते. तिच्या मुलीच्या वर्गातही पोहोचते. उद्या तिला कामावर ठेवणाऱ्याने नुसता मोबाइल उघडला तरी पुरे.

माणूस चुकीचा असेल तर काय होतं, हे खानदेशाने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मूळ होतं मोबाइलवर फिरलेल्या अफवांमध्ये.

हे लक्षात ठेवा

▪ ओळखीतल्या कुणा बाईवर किरकोळ चोरीचा किंवा फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, तर कबुली देण्याआधी मोफत वकील मागा. विधी सेवेचा फोन क्रमांक १५१००.

▪ पहिलाच गुन्हा असेल, तर वकिलाला परिविक्षेचा अर्ज करायला आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागायला सांगा. राहण्याचा पुरावा, कामाचा पुरावा, दवाखान्याचे कागद जवळ ठेवा.

▪ वस्तू किंवा पैसे परत केले असतील, तर त्याची लेखी नोंद घ्या.

▪ सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक सहसा करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते.

▪ दुकानदार असाल, तर कोंडून ठेवणं, मारणं, अंगाला हात लावून झडती घेणं टाळा. पोलिसांना बोलवा आणि फुटेज त्यांच्याकडे द्या.

▪ गरज नसताना उचलावंसं वाटतं, थांबता येत नाही, असं कुणी सांगितलं तर हसू नका. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येतं.

बुलढाण्यात यासाठी मोठी इमारत बांधायची गरज नाही. कायदा आहे, वकील आहेत, डॉक्टर आहेत, गट आहेत. कोर्टाच्या आवारात आठवड्यातून एक दिवस एक सामाजिक कार्यकर्ती बसली आणि पहिल्यांदा सापडलेल्या प्रत्येक बाईला 'कबूल करण्याआधी माझ्याशी बोल' एवढं म्हणाली, तरी सुरुवात होईल. तोपर्यंत शेगावच्या गर्दीत सापडलेल्या बाईचं पुढे काय होणार, हे तिचा हात एसटीच्या आत होता की बाहेर, आणि त्या दिवशी तिच्या कानात कोण काय बोललं, यावरच ठरत राहील.